पंपातला दगड

पंपाचा आवाज बदलला की मला झोपेतही कळतं. एरवी नुसती बारीक घूं असते. मग तिच्यात खरखर मिसळते आणि माशांच्या टाकीतला प्रवाह मंदावतो. नाशिकपासून समुद्र घाटाखाली शंभरावर किलोमीटर, त्यामुळे आमच्या टाकीतलं समुद्राचं पाणी घरीच तयार होतं: आरओच्या पाण्यात समुद्री मीठ, लिटरला साधारण 35 ग्रॅम. मासे त्यात जगतात ते पंपाच्या जिवावर.

पहिल्यांदा पंप उघडला तेव्हा पंख्यावर पांढरा-गुलाबी थर चढला होता. मी तो स्क्रूड्रायव्हरने खरवडला आणि आतला सिरॅमिकचा बारीक शाफ्ट कट्कन मोडला. त्याच आठवड्यात निफाडहून काका आले. त्यांची द्राक्षबाग आहे. तो पंखा त्यांनी हातात घेऊन नखाने टोकरला आणि म्हणाले, "अरे, हे तर आपल्या ड्रीपसारखं चोकअप झालंय. खरवडतोस काय? ॲसिड सोड."

काकांचं निदान अचूक होतं. बोअरच्या पाण्यातला जो क्षार ठिबकच्या ड्रिपरच्या छिद्रात बसतो, तोच इथेही बसला होता: कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीचा दगड. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 400 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. खरं तर त्या पाण्यात मावेल त्यापेक्षा जास्तच कॅल्शियम कार्बोनेट विरघळलेलं असतं. मॅग्नेशियममुळे ते सहजी खाली बसत नाही. पण पंपाच्या पोटात ऊब असते. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, या दगडाचं उलटं आहे. पाणी तापलं की तो बाहेर पडतो आणि सापडेल त्या पृष्ठभागाला धरतो. गुलाबी रंग मात्र सजीवाचा. कोरलाइन शैवाल आपल्या पेशींच्या भिंतीच चुन्याच्या बांधतं. आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेवर साध्या पंपातलं, पंख्याला जोडलेलं दोन ध्रुवांचं चुंबक मिनिटाला 3000 फेरे मारतं. एवढ्या वेगात चिमूटभर दगडही घासायला पुरेसा होतो.

आम्ल लागलं की हा दगड फसफसतो. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम पाण्यात विरघळतं. बागेतलं हायड्रोक्लोरिक ॲसिड घरात आणायचं कारण नाही. किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर पुरतं, त्यात ॲसेटिक आम्ल 4-5 टक्के असतं. बादलीत निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी घालून त्यात पंप तासभर चालू ठेवायचा, म्हणजे ब्रश पोचत नाही तिथेही आम्ल फिरतं. लिंबूसत्त्वही चालतं, 4 लिटर पाण्यात शंभरेक ग्रॅम. पण ते फार तीव्र करू नये आणि गरमही करू नये, कारण त्यातून तयार होणारं कॅल्शियम सायट्रेट नीट विरघळत नाही, गरम पाण्यात तर आणखीच कमी. मग एक थर घालवताना दुसरा बसतो.

काका ड्रीपमध्ये शेवाळासाठी क्लोरीनही सोडतात, पण ॲसिडच्या दिवशी कधीच नाही. घरातही हे कटाक्षाने पाळावं. ब्लीचमध्ये व्हिनेगर पडलं तरी क्लोरीन वायू सुटतो, आणि तो फुप्फुसं जाळतो.

टाकीत हात घालण्याआधी सगळे प्लग काढायचे, फक्त पंपाचा नव्हे. खारं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त वीज वाहून नेतं. वायरला सॉकेटच्या खाली झोल ठेवला तर ओघळ तिथूनच टपकतो, बोर्डात शिरत नाही. 30 मिलिॲम्पियरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवीच.

सगळ्यात कमी माहिती असलेला धोका वेगळाच आहे. झोअँथिड, म्हणजे दगडाला चिकटून राहणारे, बटणासारखे दिसणारे सुंदर समुद्री जीव (पॉलिप), टाकीत असतील तर त्यांतल्या काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. हवाईतल्या अशाच एका जीवातून ते वेगळं केल्याचं 1971 साली प्रसिद्ध झालं. आपल्या प्रत्येक पेशीच्या पडद्यात एक पंप असतो. तो दर फेरीला 3 सोडियम बाहेर टाकतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कू यांनी तो 1957 मध्ये दाखवून दिला आणि 1997 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. पॅलिटॉक्सिन नेमकं याच पंपाला चिकटतं आणि त्याची आतली-बाहेरची दोन्ही दारं एकदम उघडी ठेवतं. पंपाचं भोक होतं. क्षार मोकाट वाहू लागले की स्नायू, नसा, हृदय सगळंच बिघडतं.

हे विष उकळून मरत नाही. उलट असे पॉलिप चिकटलेले दगड उकळताना उठलेल्या वाफेने घरातली माणसं आजारी पडल्याच्या नोंदी आहेत. म्हणून पॉलिप चिकटलेलं काहीही गरम पाण्यात टाकू नये आणि कोरडं घासू नये. हातमोजे आणि चष्मा घालावा, घासायचं ते पाण्याखालीच. नंतर ताप, धाप, तोंडात कडवट चव असं काही जाणवलं तर दवाखान्यात जाऊन पॉलिप हाताळल्याचं आधी सांगावं.

आता दर तीन महिन्यांनी मी पंप व्हिनेगरमध्ये ठेवतो. धुऊन झाल्यावर चुंबकावरून बोट फिरवून पाहतो. आवरणाला तडा किंवा फुगवटा असेल तर तो पंखा परत टाकीत जात नाही. आतलं गंजकं धातू पाण्यात उतरतं आणि त्यात तांबं असेल तर कोळंबी-गोगलगायी टिकत नाहीत. सगळं जोडून पंप पाण्यात सोडला की तो आधी अडकलेली हवा ओकतो, मिनिटभर खळखळतो आणि मग पुन्हा ती बारीक घूं सुरू होते.