एएनसी की ईएनसी? आधी बघा, आवाजाचा त्रास कोणाच्या कानाला होतोय

परवा मावसभावाचा फोन आला, "ताई, नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेतला सेलमधून, पण शेजारच्या रिडेव्हलपमेंटचा काँक्रीट फोडायचा ब्रेकर जसाच्या तसा ऐकू येतोय, पीस खराब आलाय का?" मी म्हटलं बॉक्सचा फोटो पाठव. फोटो आला, त्यावर मोठ्ठ्या अक्षरात ईएनसी. पीस एकदम चांगला होता, त्याचं काम तो करतच होता, फक्त ते काम याच्या कानात नाही तर फोनवर पलीकडे बसलेल्या माणसाच्या कानात होत होतं.

मी पण लॉकडाऊनमध्ये अगदी हीच चूक करून बसले होते, त्यामुळे मला त्याचं वाईटच वाटलं. बॉक्सवर नॉइज कॅन्सलेशन असे दोन शब्द लिहायचे आणि कोणासाठीचं ते बारीक अक्षरात सुद्धा लिहायचं नाही, हे मला अजिबात पटत नाही, कारण घेणारा माणूस शांतता घ्यायला गेलेला असतो आणि हातात पडतो तो एक बरा माइक.

तर एवढं एकच डोक्यात पक्कं ठेवा. एएनसी म्हणजे ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन, ते तुमच्या कानासाठी. ईएनसी म्हणजे एन्व्हायर्नमेंटल नॉइज कॅन्सलेशन, ते तुमच्या माइकसाठी, म्हणजे समोरच्याच्या कानासाठी. ईएनसीवाला हेडफोन घालून तुम्ही गप्प बसलात तर तो तुमच्यासाठी काहीही करत नाही. आणि एएनसी कितीही भारी असलं तरी त्याने तुमच्या मागे वाजणारी कुकरची शिट्टी मॅनेजरला ऐकू जायची थांबत नाही, उलट तुम्हालाच ती कमी ऐकू आल्यामुळे तुम्हाला वाटतं सगळं शांत आहे आणि तुम्ही म्यूट करायचं विसरता.

आता एएनसी काम कसं करतं ते जरा नीट बघू, कारण ते कळलं की काय अपेक्षा ठेवायची हेही आपोआप कळतं. हेडफोनच्या कपाला बाहेरून बारीक माइक असतात, ते बाहेरचा आवाज ऐकतात, आतली चिप त्या लाटेची बरोब्बर उलटी लाट तयार करते आणि स्पीकरमधून सोडते, चढाच्या जागी उतार आणि उताराच्या जागी चढ आला की दोन्ही एकमेकांना मारतात. चांगल्या हेडफोनला कपाच्या आत पण एक माइक असतो, तो शिल्लक काय राहिलं ते तपासत राहतो, दोन्ही असले की त्याला हायब्रिड एएनसी म्हणतात. कल्पना जुनी आहे, पॉल लुएग नावाच्या जर्मन माणसाला १९३६ मध्ये याचं अमेरिकन पेटंट मिळालेलं. पण हेडफोनमध्ये ती आली ती विमानामुळे. १९७८ साली बोस या ऑडिओ कंपनीचे संस्थापक अमर बोस झुरिकहून बोस्टनला विमानाने चालले होते, विमानातल्या हेडफोनवर इंजिनच्या घरघरीत गाणी धड ऐकू येईनात, तेव्हा तिथेच बसून त्यांनी गणित मांडायला घेतलं. (त्यांचे वडील बंगालमधले, ब्रिटिशांविरुद्धच्या चळवळीत होते आणि तिथून अमेरिकेला गेले, मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलेलं.) बोस कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये विक्रीला आला आणि तुमच्या-आमच्यासाठीचा २००० मध्ये.

म्हणजे मुळात ही वस्तू विमानाच्या घरघरीसाठी जन्मली. घरघर म्हणजे काय, खालच्या पट्टीतला, सलग, न बदलणारा आवाज. १०० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती लाटा) आवाजाची एक लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते आणि तिला पूर्ण व्हायला एक शतांश सेकंद लागतो, चिपला हिशोब करायला तेवढा वेळ भरपूर झाला. ३००० हर्ट्झची लाट साधारण ११ सेंटिमीटर, ती एक सेकंदाच्या तीन हजाराव्या भागात संपते, तिथे उलटी लाट सोडायला जरासा उशीर झाला तर आवाज मरायच्या ऐवजी वाढूच शकतो. म्हणून साधारण १००० हर्ट्झच्या वर एएनसीचा जोर ओसरत जातो आणि तिथून पुढे जे काही अडतं ते कपाच्या गादीने अडतं, साध्या भिंतीसारखं.

आता हे आपल्या घरावर लावून बघा. पंखा, एसी, फ्रिज, एक्झॉस्ट, इन्व्हर्टरची गुणगुण, रस्त्यावर उभ्या बसचं इंजिन, हे सगळं एएनसी असं खाऊन टाकतं की पहिल्यांदा बटन दाबल्यावर माणूस दचकतो. मिक्सर मात्र नाही. मिक्सरची मोटर मोकळी फिरताना मिनिटाला १८-२० हजार फेऱ्या मारते, तिची किंचाळी बरीच वरच्या पट्टीतली, ती कमी होते पण जात नाही. कुकरची शिट्टी तशीच, भाजीवाल्याची आरोळी तशीच. ढोल-ताशाचं उदाहरण घ्या, पुण्यात गणपतीच्या आधी महिना-दोन महिने नदीकाठी पथकांचा सराव चालतो, त्यातला ढोल खालच्या पट्टीतला आहे म्हणून वाटतं की तो तरी जाईल, पण ढोलाचा ठोका एकदम येतो, सलग नसतो, त्यामुळे तो बोथट होतो आणि छातीत जाणवायचा तेवढा जाणवतोच, आणि ताशा तर वरच्या पट्टीतला कडकडाट, तो एएनसीच्या हातात जवळजवळ नाहीच, तिथे गादी जे करेल ते. माझ्या भावाचा ब्रेकर पण असाच, ठोके आणि घरघर दोन्ही मिसळलेलं, त्यातली घरघर जाईल, ठोके राहतील.

आणि एक गोष्ट जी दुकानात कोणी सांगत नाही. एएनसी चालू केल्यावर माणसांचं बोलणं कधीकधी जास्तच स्पष्ट ऐकू येतं. माझ्या बाबतीत हेच झालं, पंख्याच्या आवाजाखाली सासूबाईंचं फोनवरचं बोलणं दबलेलं असायचं, पंखा गायब झाला आणि त्यांचं एकेक वाक्य कळायला लागलं, आणि बोलणं कळायला लागलं की कामातलं लक्ष उडतंच. हेडफोन बिघडलेला नसतो, बोलण्यातले शब्द ज्याने कळतात ती व्यंजनं वरच्या पट्टीत असतात आणि त्यांच्यावर पांघरूण घालणारा आवाज आपण काढून टाकलेला असतो. यावर माझा उपाय म्हणजे एएनसी चालू ठेवून बारीक आवाजात पावसाचा आवाज नाहीतर बासरी-संतूर लावायचं, शब्द नसलेलं काहीही, खरंच फरक पडतो.

यातच अजून एक फायदा आहे. पंख्यावर मात करायला आपण आवाज वाढवतो ना, ते बंद होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतं, आता ४० तास म्हणजे आपला नोकरीचा पूर्ण आठवडा झाला, त्यामुळे दिवसभर कानाला लावून बसणाऱ्यांनी हे मनावर घ्याच. मला एएनसीचं खरं मोल इथे वाटतं, शांततेपेक्षाही.

एएनसीसाठी मी ओव्हर-इअर, म्हणजे पूर्ण कान झाकणारा हेडफोनच घ्या म्हणते, कारण गादी पूर्ण कानाभोवती बसली पाहिजे. चष्म्याची काडी, मोठे डूल, कानावर आलेला अंबाडा, यातलं काहीही मध्ये आलं की फट राहते आणि फटीतून नेमका खालच्या पट्टीतला आवाज आत येतो, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तोच. चष्मा असेल तर बारीक काडीची फ्रेम बरी पडते. वजन पण बघा, सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ साधारण २५० ग्रॅमचा आहे आणि ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स ३८५ च्या आसपास, हा फरक शोरूममध्ये पाच मिनिटांत कळत नाही, दुपारी चारला मानेला कळतो. आणि आपल्याकडचा दमटपणा, घाम, डोक्याचं तेल, यात रेक्झिनसारख्या गाद्यांची सालं निघायला लागतात, मुंबई-कोकणात तर लवकरच. त्या मॉडेलच्या सुट्या गाद्या मिळतात का ते घ्यायच्या आधी शोधून ठेवा.

आता ईएनसी. इथे कामाला असतात माइक, दोन किंवा जास्त, एक तोंडाच्या दिशेने आणि दुसरा आजूबाजूचं ऐकणारा, दोघांत काय वेगळं आहे ते बघून चिप ठरवते की हा माणसाचा आवाज, हा कचरा, आणि कचरा कापून पुढे पाठवते. सलग पंखा-एसी कापायला सोपं. पण मागे दुसरं माणूस बोलत असेल, टीव्हीवर मालिका चालू असेल, तर तोही माणसाचाच आवाज, चिप गोंधळते.

आणि इथे चिपपेक्षा मोठी गोष्ट आहे ती म्हणजे अंतर. तोंडापासून ३ सेंटिमीटरवर असलेला दांडीचा माइक आणि कपावरचा १२ सेंटिमीटरवरचा माइक, अंतर चौपट, तर तुमचा आवाज तिथे साधारण १२ डेसिबलने कमी पोचतो, आणि घरातला गोंधळ मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखाच. म्हणून कॉल सेंटरवाले, विमानातले पायलट, सगळे दांडीवालाच माइक लावतात. दिसायला तो ऑफिसछाप दिसतो, चालेल, पण हजार-दीड हजाराचा साधा यूएसबी हेडसेट दांडीच्या माइकमुळे कॉलवर भल्याभल्या महागड्या हेडफोनपेक्षा स्वच्छ ऐकू जातो, हे मी स्वतः रेकॉर्ड करून ऐकलेलं आहे.

शिवाय झूम, मीट, टीम्स यांच्यात सुद्धा आवाज साफ करायची सोय असते. हेडफोन एकदा कापतो, ॲप परत कापतं, आणि दोनदा कापलं की तुमचे शब्दच खाल्ले जातात. मी कॉलवर हुंकार देत असायचे, "हं, हं", तर क्लायंटला तो पोचायचाच नाही आणि त्यांना वाटायचं मी उठून गेलेय. झूममध्ये ते सेटिंग कमीवर आणलं, सुधारलं. तुमच्या बाबतीत असं होत असेल तर दोन्हीतलं एक बंद करून बघा.

ब्लूटूथची एक भानगड आहे, ती एएनसी-ईएनसी दोघांच्याही मधोमध बसते. गाणी ऐकताना हेडफोन मस्त वाजतो आणि लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली रे झाली की समोरच्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. कारण जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथला चांगला आवाज आणि माइक एकाच वेळी झेपत नाहीत, माइक उघडला की ते फोन कॉलच्या मोडमध्ये जातं आणि आवाजाच्या सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या (नमुना म्हणजे त्या क्षणाचं आवाजाचं माप) जागी ८ नाहीतर १६ हजारच उरतात. ब्लूटूथच्या एलई ऑडिओ या नवीन पद्धतीत हे सुधारलंय, पण लॅपटॉप आणि हेडफोन दोन्हीत ते असावं लागतं. तोवर सोपा उपाय, मीटिंगच्या सेटिंगमध्ये जाऊन स्पीकर म्हणून हेडफोन आणि माइक म्हणून लॅपटॉपचा किंवा वेगळा वायरवाला माइक निवडा, लगेच फरक कळेल. नुसती ३.५ मिलिमीटर जॅकची वायर लावून काम भागेल असं धरू नका, बऱ्याच मॉडेलमध्ये वायर लावली की हेडफोनचा माइकच बंद होतो.

मग घ्यायचं काय? ज्याचं काम कोडिंग, हिशोब, भाषांतर, लेखन, म्हणजे दिवसातले पाच-सहा तास डोकं खाली घालून बसायचं आहे, त्याने डोळे झाकून एएनसीवर पैसे घालावेत आणि माइककडे फार बघू नये. ज्याचं पोटच बोलण्यावर आहे, सपोर्ट, शिकवण्या, रिक्रूटमेंट, त्याने दांडीचा माइक. दोन्ही पाहिजे तर जॅब्राच्या इव्हॉल्व्ह२ ८५ सारखे ओव्हर-इअर पण आहेत ज्यात एएनसी पण आहे आणि दांडी पण, फक्त ते महाग पडतात, त्यापेक्षा मला एएनसीवाला हेडफोन आणि सोबत स्वस्तातला वायरचा माइक ही जोडी जास्त पटते, एक बिघडलं तरी दुसरं चालू राहतं.

बॉक्सवरच्या आकड्यांना भुलू नका, "४० डेसिबल" म्हणजे कुठल्यातरी एका पट्टीतलं सगळ्यात चांगलं माप असू शकतं, सगळीकडे तेवढं कमी होतं असं नाही. दुकानात गेलात तर एसीच्या खाली उभे राहा, गाणं न लावता हेडफोन घाला, एएनसी बंद-चालू करा, एसीची घरघर गेली पाहिजे. असं चालू-बंद करायचं बटन किंवा ॲपमध्ये सोयच नसेल तर तो बहुतेक ईएनसीवालाच आहे. कानात जरा दाब आल्यासारखं वाटतं का तेही बघा, काहींना ते दिवसभर सहन होत नाही. मग दारात रस्त्याकडेला उभं राहून त्याच हेडफोनवरून कोणालातरी फोन करा आणि त्या माणसाला रेकॉर्ड करून पाठवायला सांगा.

भावाला मी हेच सांगितलं, आधी ऑफिसातल्या दोघांना विचार की तुझा आवाज कसा येतो. त्याने विचारलं, दोघंही म्हणाले पहिल्यापासून स्वच्छच येतो, लॅपटॉपच्या माइकवर होतास तेव्हाही. मग त्याने रिटर्नची मुदत संपायच्या आत तो परत टाकला आणि आता एएनसीवाल्यासाठी पुढच्या पगाराची वाट बघतोय. ब्रेकर सकाळी नऊला सुरू होतो, तोपर्यंत तो सात ते नऊमध्ये जड कामं उरकतो.