आधी ठरवा: हा गंज आहे की पॅटिना?

ठासणीची जुनी बंदूक भिंतीवर लावण्याजोगी करायची म्हटलं की हात आधी पॉलिश पेपरकडे जातो. नळी तपकिरी दिसते, म्हणजे गंजली, म्हणजे घासायची, असा सरळ हिशेब असतो. मीही एकदा तो केला. दुपारभर घासून नळी आरशासारखी झाली, पण तिच्या मागच्या टोकाजवळचा पुसट शिक्का कायमचा गेला. असे शिक्के म्हणजे बंदुकीचा जन्मदाखला. उदाहरणार्थ, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस, म्हणजे नळ्या तपासून शिक्का मारणारी संस्था, १८१३ सालचं. त्याचा शिक्का नळीवर असेल, तर ती नळी त्याआधी तपासलेली असूच शकत नाही. शिक्का घासला की हा पुरावाही गेला. आणि मी जो घासून काढला, तो गंज नव्हताच. तो पॅटिना होता.

गोंधळ होतो, कारण दोन्ही एकाच कुळातले. लोखंड आणि ऑक्सिजन एकत्र आले की दोन्ही होतात. फरक इतकाच, की गंज अजून लोखंड खातो आहे आणि पॅटिना स्थिरावलेला आहे. नारिंगी-लाल गंज भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो. ज्या लोखंडापासून तो बनतो, त्याहून जास्त जागा व्यापतो. म्हणून तो फुगतो, पापुद्रे सुटतात आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. पॅटिना पातळ आणि घट्ट बसलेला असतो, गडद तपकिरी किंवा काळपट. कोरड्या जागी तो पिढ्यान् पिढ्या तसाच राहतो.

तपासणीला हात घालण्याआधी एक गोष्ट टाळू नका: बंदूक भरलेली आहे का ते पाहा. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. तोंड कोणाच्याही दिशेला नाही हे बघून लाकडी काठी नळीत अलगद, टेकेपर्यंत सोडा आणि तोंडापाशी खूण करा. मग तीच काठी नळीच्या बाहेरून धरा. आतलं टोक रंजकाच्या (आतली दारू पेटवणाऱ्या बारीक दारूच्या) छिद्रापर्यंत, म्हणजे कानापर्यंत, पोचायला हवं. दोन-चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. मग स्वतः काही करू नका, जाणकाराकडे द्या.

नळी रिकामी असेल तर पांढऱ्या सुती कापडावर तेलाचे दोन थेंब घ्या आणि एका जागी हलकेच फिरवा. कापडावर नारिंगी भुकटी आली, तर तो जिवंत गंज. कापड जेमतेम मळलं आणि नळीचा रंग तसाच राहिला, तर पॅटिना. भिंगातूनही ओळख पटते. गंज खरवडल्यासारखा, फुटलेल्या फोडांसारखा दिसतो. पॅटिना सपाट असतो आणि त्याच्याखालून कोरीव रेषा स्पष्ट दिसतात.

कानाभोवती मात्र भिंग जास्त वेळ धरा. दारूची राख हवेतली ओल ओढते आणि रंजक पेटतो तो इथेच. बाकी नळी सुरेख तपकिरी असताना कानाभोवती खड्डे आणि लाल भुकटी असणं अगदी नेहमीचं. केपाच्या, म्हणजे छोट्या स्फोटक टोपीने पेटणाऱ्या, बंदुकीत हीच गत निपलच्या (ही टोपी बसवायच्या नळकांडीच्या) बुडाशी होते, कारण अनेक केपांच्या मसाल्यातून क्षार मागे राहतात.

तिसरी गोष्ट जास्त चकवते. अनेक नळ्यांना तपकिरी रंग कारागिरानेच चढवलेला असतो. रसायन लावून नळी मुद्दाम गंजवायची, भुकटी ब्रशने झाडायची, पुन्हा गंजवायची, असं अनेकदा करून शेवटी तेल-मेणाने तो थांबवायचा. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या नळीवर या रंगातूनच नक्षी उठते. रंग काढला तर नक्षीही दिसेनाशी होते. पण नावावर जाऊ नका. 'ब्राउन बेस' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ब्रिटिश बंदुकांच्या नळ्या अठराव्या शतकात घासून लख्ख ठेवल्या जात. म्हणजे लख्ख नळी नेहमीच कुणीतरी बिघडवलेली असते असं नाही. आधी बंदूक कोणती ते ओळखा.

एकदा ओळख पटली की काम सोपं. गंजावर पातळ तेल लावून एक-दोन दिवस मुरू द्या, मग तांब्याच्या पट्टीने किंवा ०००० नंबरच्या स्टील वूलने तेलातच हलकेच काढा. तांबं लोखंडापेक्षा मऊ असल्याने नळीवर सहसा चरे पडत नाहीत. ड्रिलवरचा तारेचा ब्रश, आम्लाचं गंजनाशक, व्हिनेगर हे नकोच. त्यांना गंज आणि पॅटिना यातला फरक कळत नाही. पॅटिनाला काहीच करायचं नाही. धूळ पुसा, मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या, आणि उघड्या बोटांनी नळी धरू नका, घामातले क्षार पुन्हा गंज सुरू करतात.

गंज आणि पॅटिना एकाच नळीवर मिसळलेले असतील, आणि बहुधा असतातच, तेव्हा कापडाकडे बघत काम करा. नारिंगी रंग फिका होत तपकिरीवर आला की तिथेच थांबा. करडा मळ दिसू लागला, तर तुम्ही बंदूकच घासता आहात.