मेजर लीग बेसबॉल (व्हिडिओ गेम)

मॅटेल इलेक्ट्रॉनिक्सच्या ‘इंटेलिव्हिजन’ या घरगुती गेम-यंत्रासाठी १९८० मध्ये आलेला, दोघांनी शेजारी बसून खेळायचा बेसबॉलचा व्हिडिओ गेम. प्रोग्रॅम डेव्हिड रॉल्फ यांनी लिहिला. कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथील एपीएच टेक्नॉलॉजिकल कन्सल्टिंग ही संस्था तेव्हा मॅटेलसाठी असे काम करीत असे आणि रॉल्फ तेथे होते. इंटेलिव्हिजनचे मूळ अंतर्गत सॉफ्टवेअर, ‘एक्झेक’, हेही त्यांचेच. इंटेलिव्हिजनच्या गेमांत सर्वाधिक खप याचाच झाला. विकल्या गेलेल्या प्रती १० लाखांच्या पुढे गेल्या.

बेसबॉल आधीही टीव्हीच्या पडद्यावर आला होता. अटारी या प्रतिस्पर्धी गेम कंपनीच्या ‘होम रन’ (१९७८) मध्ये क्षेत्ररक्षणाला जास्तीत जास्त तीन आकृत्या असत आणि त्या एकमेकींना बांधल्यासारख्या एकाच चालीने सरकत. मॅटेलच्या गेममध्ये मात्र पडद्यावर हिरवे मैदान, धावपटूंनी क्रमाने गाठायचे चारही बेस (टप्पे) आणि आपापल्या जागी उभे असलेले नऊच्या नऊ क्षेत्ररक्षक दिसत. टीव्हीवर सामना पाहणाऱ्या अमेरिकन घराला हे चित्र ओळखीचे होते.

या गेमचा खरा कस क्षेत्ररक्षणात लागतो. इंटेलिव्हिजनच्या हातातल्या कंट्रोलरवर टेलिफोनसारखी १२ बटणे, खाली १६ दिशा ओळखणारी गोल तबकडी आणि दोन्ही कडांना बटणे असत. बटणांवर गेमबरोबर मिळणारे छापील प्लॅस्टिकचे पान सरकवायचे. त्यावर मैदानाच्या जागा दाखवलेल्या असत. चेंडू मारला गेला की क्षेत्ररक्षण करणाऱ्याने योग्य खेळाडूचे बटण दाबायचे, तबकडीने त्याला चेंडूपर्यंत पळवायचे आणि लगेच फेक ज्याच्याकडे करायची त्याचे बटण दाबायचे. चुकीचे बटण दाबले तर चेंडू भलत्याकडे आणि समोरचा एक बेस पुढे! नवख्याला यात घाम फुटतो, पण हात बसला की सलग दोघांना बाद करण्याची चाल जमू लागते. आधीच्या बेसबॉल गेमांत असे काही नव्हते. चेंडू टाकणाऱ्या पिचरकडेही वेग आणि वळण बदलण्याची सोय होती. फलंदाजाला पूर्ण फटका मारता येई किंवा बॅट नुसती आडवी धरून ‘बंट’ करता येई, आणि बेसवरच्या धावपटूला पुढचा बेस चोरण्याचा मोह आवरावा लागे.

एक उणीव मात्र ठळक होती. या बेसबॉलमध्ये चेंडू हवेत जातच नाही. प्रत्येक फटका जमिनीलगत. त्यामुळे झेल नाही आणि झेलबादही नाही. क्रिकेट पाहत वाढलेल्याला झेलाविना सामना ही कल्पनाच अळणी वाटेल. पण तेव्हाच्या यंत्राची कुवतही पाहायला हवी. इंटेलिव्हिजनची चित्र-चिप स्वतंत्रपणे हलणाऱ्या फक्त आठ वस्तू एका वेळी सांभाळू शकत असे, आणि बेसबॉलच्या मैदानावर क्षेत्ररक्षकच नऊ. शिवाय फलंदाज, धावपटू आणि चेंडू. ‘एक्झेक’ आपला कारभार सेकंदाला २० वेळा पाहत असे, म्हणून हालचालीला किंचित जडपणा येई. इतक्या अडचणीत रॉल्फ यांनी पूर्ण नऊ डावांचा सामना बसवला हे कौशल्यच. खेळाडू बाद झाल्यावर पंचाचा ‘यू आर आउट’ असा खरखरीत ओरडाही ऐकू येई, तोही आवाजाचे वेगळे उपकरण न जोडता. शब्द पुरता कळत नसे, पण शेजारच्या खोलीतल्या माणसालाही निकाल समजे.

दुसरी तक्रार एकट्या खेळाडूंची. यंत्राशी खेळण्याची सोयच नसल्याने जोडीदार नसेल तर कार्ट्रिज (गेमची यंत्रात खुपसायची डबी) खोक्यात पडून राही.

नावात मेजर लीग, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलची सर्वोच्च संघटना, असली तरी खरे संघ किंवा खेळाडू गेममध्ये नव्हते. मॅटेलने या संघटनेकडून फक्त नाव व बोधचिन्ह वापरण्याचा परवाना घेतला होता. मैदानावर केवळ यजमान आणि पाहुणे. विक्रीला तेवढे पुरले. लेखक जॉर्ज प्लिम्प्टन यांना घेऊन मॅटेलने टीव्हीवर जाहिराती केल्या. त्यांत अटारी आणि इंटेलिव्हिजन यांचे खेळ शेजारी-शेजारी दाखवले जात आणि बेसबॉलमधला फरक सांगायला निवेदकाची गरजही नव्हती. प्लिम्प्टन यांची निवड चपखल होती: हौस म्हणून त्यांनी यँकी स्टेडियममध्ये खऱ्या मेजर लीग फलंदाजांना चेंडू टाकले होते. अटारीने १९८२ मध्ये ‘रिअलस्पोर्ट्स’ नावाची नवी मालिका काढली, तीत बेसबॉलही होता. त्याच वर्षी खुद्द मॅटेलने ‘एम नेटवर्क’ या नावाखाली अटारीच्या यंत्रासाठी ‘सुपर चॅलेंज बेसबॉल’ विकला. स्पर्धकाच्या घरातही दुकान थाटले म्हणायचे.

झेल आणि एकट्याचा खेळ या दोन्ही गोष्टी १९८३ च्या ‘वर्ल्ड सिरीज मेजर लीग बेसबॉल’मध्ये आल्या. डॉन डॅगलो यांची रचना आणि एडी डॉमब्राउअर यांचा प्रोग्रॅम असलेला हा गेम टीव्ही प्रक्षेपणाप्रमाणे कॅमेऱ्याचे कोन बदलून दाखवी, आकडेवारीवर चाले आणि बोलतही असे. पण त्यासाठी इंटेलिव्हिजनला वेगळा संगणक-जोड लागे, जो फार थोड्यांकडे होता. त्यातच अमेरिकेतला गेमचा बाजार कोसळला आणि १९८४ च्या सुरुवातीस मॅटेल इलेक्ट्रॉनिक्स बंद पडली. डॅगलो आणि डॉमब्राउअर या जोडीने पुढे इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीसाठी ‘अर्ल वीव्हर बेसबॉल’ (१९८७) केला.

मॅटेलचे माजी अधिकारी टेरेन्स व्हॅलेस्की यांच्या आयएनटीव्ही कंपनीने जुना माल आणि हक्क घेतले, पण लीगचा परवाना हातात नसल्याने १९८० चाच गेम ‘बिग लीग बेसबॉल’ या नावाने विकला गेला. १९८६ मध्ये त्याच कंपनीने ‘वर्ल्ड चॅम्पियनशिप बेसबॉल’ काढला. त्यात उंच फटके होते आणि यंत्राविरुद्ध एकट्याला खेळताही येई. तोवर अमेरिकेतल्या दुकानांत जपानी निन्टेन्डो कंपनीचे नवे गेम-यंत्र येऊन पोहोचले होते.