दुर्बिणीद्वारे मूत्रपिंडोच्छेदन

पोटावर किंवा कुशीत तीन-चार लहान छिद्रे पाडून, दुर्बीण व लांब दांड्याची हत्यारे आत घालून मूत्रपिंड काढण्याची शस्त्रक्रिया. मूत्रपिंड काढण्याची पहिली नियोजित शस्त्रक्रिया गुस्टाफ झिमोन यांनी १८६९ मध्ये हायडलबर्ग येथे केली. दुर्बिणीने ती प्रथम राल्फ क्लेमन व सहकाऱ्यांनी २५ जून १९९० रोजी सेंट लुइस (अमेरिका) येथे केली. तिला सुमारे ७ तास लागले. मूत्रपिंड आतच पिशवीत घालून, त्याचे तुकडे करून छिद्रावाटे बाहेर काढले.

उदरपोकळीत न शिरता पाठीमागून जाण्याच्या मार्गाचे श्रेय एकट्या कोणाला देता येत नाही. जॉन विकहॅम यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस याच मार्गाने मूत्रवाहिनीतील खडा काढला होता. मात्र तिथे नुसता वायू भरून चरबी व तंतू बाजूला सरत नसत. मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलमधील डी. डी. गौर यांनी रबरी नळीच्या टोकाला शस्त्रक्रियेचा हातमोजा बांधला, तो पर्युदरामागे (उदरपोकळीच्या अस्तरामागे) सरकवला आणि रक्तदाब मोजण्याच्या यंत्राच्या फुग्याने त्यात हवा भरली. हातमोजा फुगला तशी जागा मोकळी झाली. ही पद्धत १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. हा मार्ग नेहमीच्या वापरात आला तो तेव्हापासून, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

खुल्या शस्त्रक्रियेच्या तुलनेत रक्तस्राव व वेदनाशामकांची गरज कमी असते आणि रुग्ण लवकर घरी जातो. मूत्रपिंडापुरत्या मर्यादित कर्करोगात जगण्याचे प्रमाण दोन्ही पद्धतींत सारखेच आढळते. परिणाम मूत्रपिंड कशासाठी काढले यावर फार अवलंबून असतो. क्षयाने किंवा जुनाट पूसंसर्गाने निकामी झालेले मूत्रपिंड आतडे व महाशिरेला घट्ट चिकटलेले असते. कागदोपत्री ‘साधी’ म्हटलेली ही शस्त्रक्रिया अर्बुदासाठी (गाठीसाठी) केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा अवघड जाते आणि तिच्यातच पोट उघडण्याची वेळ अधिक येते. असा निर्णय वेळेवर घेणे हे अपयश मानू नये.

जिवंत दात्याचे मूत्रपिंड रॅटनर व कवूसी यांनी १९९५ मध्ये बॉल्टिमोर येथे प्रथम या पद्धतीने काढले. डाव्या मूत्रपिंडाची शीर लांब असल्याने शक्यतो तेच घेतात. अमेरिकेतील नोंदींनुसार, खुली व दुर्बिणीची मिळून, पहिल्या ९० दिवसांत दात्यांचा मृत्युदर १९९४ ते २००९ या काळात १०,००० मागे सुमारे ३ होता. दात्याची रोहिणी (धमनी) बंद करणारी प्लॅस्टिकची क्लिप निसटून मृत्यू ओढवल्यामुळे, दात्याच्या शस्त्रक्रियेत ती वापरू नये, असा इशारा उत्पादकांनी २००६ मध्ये दिला. त्याऐवजी स्टेपलरने रोहिणी बंद करणे अधिक सुरक्षित समजले जाते.