मेमधले ३१ अंश आणि जुलैमधले ३१ अंश

एप्रिल लागला की जळगाव, भुसावळ, धुळ्यात दुकानांबाहेर कूलरच्या रांगा लागतात आणि एक दावा हमखास ऐकू येतो: हा कूलर खोली १५ अंशांनी थंड करतो. जाहिरातीचं एक वेळ सोडून देऊ. पण इमारत बांधण्याआधी तिचा वीजवापर संगणकावर काढणाऱ्या सिम्युलेशनमध्येही कूलर असाच, कमी वीज खाणारा एसी समजून टाकला जातो. मग खान्देशातल्या घराचं सगळं गणित चुकतं, कारण कूलर आणि एसी ही दोन पूर्णपणे वेगळी यंत्रं आहेत.

अशा सिम्युलेशनसाठी एनर्जीप्लस हे अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचं मोफत सॉफ्टवेअर जगभर वापरतात. वर्षाचे ८७६० तास ते एकामागून एक सोडवतं आणि प्रत्येक तासाचेही सहसा सहा-सहा तुकडे करतं. प्रत्येक तुकड्यात खोलीचा जमाखर्च मांडला जातो: स्लॅब आणि भिंतींतून किती उष्णता आली, खिडकीतून किती ऊन आलं, माणसं, दिवे आणि फ्रिजने किती भर घातली, यंत्राने किती काढून नेली. उरलं ते खोलीच्या तापमानात दिसतं. एसीच्या बाबतीत आपण २४ अंश हा आकडा देतो आणि त्यासाठी किती वीज लागेल ते सॉफ्टवेअर सांगतं. कूलरच्या बाबतीत उलटं आहे. त्याला २४ वर ठेवता येत नाही. तो मिळेल ती हवा ओली करून आत ढकलतो आणि खोलीचं तापमान हे उत्तर म्हणून बाहेर येतं.

थर्मामीटरच्या फुग्यावर ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की पारा उतरतो आणि एका जागी थांबतो. ते वेट बल्ब तापमान. पाण्याची वाफ होताना लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते, माठातलं पाणी गार होतं तसंच. हवा जितकी कोरडी तितका हा आकडा खाली. मेमधल्या दुपारी बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर वेट बल्ब जवळपास २३ येतं. म्हणजे २१ अंशांची दरी. कूलरमधलं पाण्याने भिजणारं, मधाच्या पोळ्यासारखं चांगलं हनीकोंब पॅड यातला साधारण ८० टक्के टप्पा गाठतं. २१ चे ८० टक्के १६.८, म्हणून कूलरच्या तोंडाशी हवा ४४ वजा १६.८, म्हणजे २७.२ अंशांची. जाहिरातीतले १५ अंश इथून येतात, आणि ते खरेही आहेत. फक्त ते हवेचे आहेत, खोलीचे नाहीत.

आता वरच्या मजल्यावरची १२ बाय १५ फुटांची खोली घ्या, वर तापलेला आरसीसी स्लॅब. कूलर तासाला २००० घनमीटर हवा देतो असं धरू, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.६ किलो. एवढी हवा एका अंशाने तापायला ०.६ किलोवॉट लागतात. दुपारी चारला त्या खोलीत स्लॅब, भिंती, माणसं मिळून २.४ किलोवॉट उष्णता येत असेल, तर हवा खोलीतून जाता जाता ४ अंशांनी तापेल. खोली ३१.२ वर स्थिरावेल. वाफ करण्यात कूलर १० किलोवॉटचं काम करतो खरा, पण त्यातलं बहुतेक काम बाहेरून आणलेली ४४ अंशांची हवा गार करण्यात जातं. खोलीच्या वाट्याला येतात ते २.४ किलोवॉट.

इथेच खिडकीचा प्रश्न येतो. ‘गारवा बाहेर जाईल’ म्हणून खिडकी बंद ठेवली की हवेला वाट राहत नाही आणि पंखा गुदमरतो. समजा हवा ८०० घनमीटरवर आली. पॅडमधून ती सावकाश जाते म्हणून कूलरच्या तोंडाशी आणखी गार, २५-२६ अंशांची लागते. हात धरणाऱ्याला वाटतं, कूलर झकास चालला आहे. पण तेवढ्याच २.४ किलोवॉटला ही कमी हवा १० अंशांनी तापते आणि खोली ३५ च्या वर जाते. सिम्युलेशनमध्ये हीच चूक वेगळ्या रूपात होते: कूलर जोडला जातो, पण हवा बाहेर जायला वाट दिली जात नाही किंवा खोलीतलीच हवा पुन्हा पॅडवर फिरवली जाते. वरच्या खोलीची हवा तासाला सुमारे ४० वेळा बदलायला हवी. सॉफ्टवेअरमध्ये बंद घराचा गळतीचा आकडा, म्हणजे फटींतून तासाला किती वेळा हवा बदलते तो, बहुधा एकच्याही खाली असतो. कूलर कुठल्या दिशेला ठेवायचा हे वास्तुशास्त्राला विचारू नका. पॅडवर सावली आणि समोरच्या बाजूला उघडी खिडकी, एवढंच बघा.

पाणीही मोजायला हवं. वरच्या उदाहरणात तासाला सुमारे १५ लिटर पाणी उडतं, आठ तासांत १२० लिटर. टँकरवर जगणाऱ्या वस्तीत हा आकडा विजेच्या युनिटांइतकाच महत्त्वाचा. बोअरचं क्षारयुक्त पाणी असेल तर टाकीतलं थोडं पाणी सतत सोडून द्यावं लागतं, नाहीतर क्षार पॅडवर बसतात आणि ८० टक्क्यांचे ६० होतात. टाकीत बर्फ टाकल्याने एसीसारखा गारवा मिळतो हा समजही पक्का आहे. पाच किलो बर्फ वितळून टाकीतल्या पाण्याच्या तापमानाला येईपर्यंत जेवढी उष्णता घेतो, तेवढी एक लिटरपेक्षा कमी पाण्याची वाफ होताना घेतली जाते. म्हणजे कूलरच्या चार मिनिटांचं काम!

आता जुलै. बाहेर ३२ अंश, आर्द्रता ७५ टक्के, वेट बल्ब २८. दरी फक्त ४ अंशांची, पॅडमधून हवा येते २८.८ ची. ढगाळ दिवशी खोलीत दीड किलोवॉट उष्णता आली तर तापमान २.५ अंशांनी चढून ३१.३ होईल. मेमध्येही ३१ आणि जुलैमध्येही ३१! फक्त तापमानाचा तक्ता छापणाऱ्या अहवालात दोन्ही महिने सारखेच दिसतील. पण मेमध्ये त्या खोलीतली आर्द्रता साधारण ५४ टक्के, जुलैमध्ये ८२. एका खोलीत घाम वाळतो, दुसरीत अंगाला शर्ट चिकटतो. म्हणून कूलरच्या घराचा निकाल आर्द्रतेसह काढावा.

यंत्राचा आकार ठरवतानाही हाच घोळ होतो. सॉफ्टवेअरला आपण वर्षातला सर्वांत तापलेला दिवस देतो. एसीसाठी ते ठीक, कारण ‘दीड टन’ हा आकडा बाहेर ३५ अंश असतानाचा असतो. ४५ ला क्षमता घटते आणि वीज वाढते, म्हणून त्याचे कामगिरीचे आलेख भरावेच लागतात. कूलरची परीक्षा मात्र मेमध्ये नसते. ती जूनच्या मध्यावर, पहिल्या सरींनंतर वेट बल्ब चढतं तेव्हा असते. त्याला वेट बल्बवरून निवडलेला दिवस द्यावा. सॉफ्टवेअरला दिलेली हवामानाची फाईलही, म्हणजे बाहेरच्या तापमान-आर्द्रतेचे वर्षभराचे तासागणिक आकडे, आपल्या पट्ट्यातली घ्यावी. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, जळगाव २०० च्या आसपास. नाशिकची फाईल लावून भुसावळचं घर सोडवलं तर उत्तर नाशिकचंच येतं.

थंडीचं थोडक्यात. धुळ्यात जानेवारीच्या पहाटे पारा एक आकडी होतो, पण घरात हीटर नसतो, गोधडी असते. सॉफ्टवेअरमधल्या तयार साच्यात मात्र २० अंशांना सुरू होणारी हीटिंग आधीच भरलेली असू शकते. ती काढली नाही तर कोणी कधीच न वापरलेली वीज वर्षाच्या बेरजेत येते.

कूलर आणि एसी दोन्ही असलेल्या घरात यंत्र कधी बदलायचं हे तारखेवरून ठरवू नये. वेट बल्ब २४ च्या खाली असेल तेव्हा कूलर, वर गेलं की एसी, असा नियम सुरुवातीला पुरतो. त्या नियमाला खिडकीही जोडा: एसी सुरू, खिडकी बंद. हे विसरलं की संगणकातला एसी तासाला ४० वेळा येणाऱ्या बाहेरच्या हवेशी झुंजत राहतो, पूर्ण क्षमतेने चालूनही २४ गाठत नाही, आणि दोष बिचाऱ्या स्लॅबला दिला जातो.