अहवालातील आकड्यांमध्ये आम्ही मुद्दाम त्रुटी का मिसळतो?

आमच्या अहवालातील संख्या मूळ माहितीतून जशाच्या तशा घेतलेल्या नसतात. त्यांत थोडी यादृच्छिक त्रुटी आम्ही जाणूनबुजून मिसळतो. त्याचे कारण प्रत्येक ग्राहकाला ठाऊक असावे, म्हणून हे पत्रक.

नावे आणि पत्ते काढले की माहिती निनावी झाली, असा सर्वसाधारण समज आहे. संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवून दिले की जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी झिप कोड (तिथला पिन कोड) एवढ्यावरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक वेगळे ओळखता येऊ शकतात. नुसत्या बेरजाही सुरक्षित नसतात. एखाद्या विभागात मधुमेह असलेल्यांची संख्या गेल्या महिन्यात १७ होती, आता १६ आहे आणि दरम्यान एकच व्यक्ती नोकरी सोडून गेली, दुसरा कोणताही बदल झाला नाही, तर त्या व्यक्तीचा आजार कोणी न सांगताच उघड होतो.

सिंथिया ड्वॉर्क, फ्रँक मॅकशेरी, कोबी निसिम आणि ॲडम स्मिथ यांच्या २००६ मधील कामातून पुढे आलेली डिफरन्शियल प्रायव्हसीची कसोटी आम्ही पाळतो: एका व्यक्तीची नोंद माहितीच्या संचात असो वा नसो, कोणतेही उत्तर मिळण्याची संभाव्यता ठरावीक पटीपलीकडे बदलता कामा नये. पाहणाऱ्याला आधीपासून काय माहीत आहे, याबद्दल ती काहीच गृहीत धरत नाही, म्हणून आम्हाला ती विशेष मोलाची वाटते. ही पट एप्सिलॉन या मूल्यावर अवलंबून असते, एप्सिलॉन ०.५ असेल तर ती सुमारे १.६५ येते. मोजणीत एका माणसामुळे उत्तर फार तर १ ने बदलते, त्यामुळे तिथे लाप्लास वितरणातून (ज्यात शून्याजवळच्या संख्या जास्त आणि मोठ्या संख्या क्वचित येतात) काढलेली जी त्रुटी मिसळावी लागते, ती सुमारे ९५ टक्के वेळा ६ च्या आत राहते. १०,००० च्या मोजणीत एवढा फरक जाणवत नाही. १२ जणांच्या गटात मात्र तो उत्तरच झाकून टाकतो, आणि तसेच व्हायला हवे.

त्रुटी शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखीच विखुरलेली असल्याने तोच प्रश्न शंभरदा विचारून सरासरी काढली, तर खरी संख्या जवळजवळ हाती लागेल. म्हणून एकदा दिलेले उत्तर आम्ही जपून ठेवतो आणि पुन्हा तेच देतो. वेगवेगळ्या प्रश्नांचे एप्सिलॉन बेरजेने वाढत जातात, ०.५ चे १० प्रश्न झाले की एकूण ५ खर्ची पडतात आणि १.६५ ची पट १४८ पर्यंत जाऊ शकते. एकूण एप्सिलॉनची ठरलेली मर्यादा संपल्यावर त्या संचावर आम्ही पुढचा प्रश्न स्वीकारत नाही, जादा शुल्क देऊ केले तरीही नाही. त्यामुळे काम सुरू होण्यापूर्वीच आपले प्रश्न महत्त्वाच्या क्रमाने लिहून आमच्याकडे द्यावेत.