मॉर्मन संस्कृतीतले प्रादेशिक फरक

मॉर्मन म्हणजे जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० ला न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेल्या चर्चचे अनुयायी. चर्चचं अधिकृत नाव लांबलचक आहे, मराठीत साधारण ‘येशू ख्रिस्ताचं उत्तरकालीन संतांचं चर्च’ असं होईल. २०१८ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी ‘मॉर्मन’ हे टोपणनाव वापरू नका असं सांगितलं, पण संस्कृतीबद्दल बोलताना अभ्यासकांच्या लिखाणात तोच शब्द रुळलाय म्हणून इथेही तो ठेवलाय. मुख्य गटाबरोबर युटा राज्यात न जाता अमेरिकेच्या मिडवेस्टमध्येच राहिलेली आणि १८६० मध्ये नव्याने संघटित झालेली शाखा, तसंच बहुपत्नीत्व पुढे चालू ठेवणारे छोटे गट, हे या नोंदीत धरलेले नाहीत.

मॉर्मन संस्कृतीचा नकाशा पहिल्यांदा नीट मांडला तो भूगोलतज्ज्ञ डोनाल्ड माइनिग यांनी १९६५ मध्ये. चर्चचं मुख्यालय असलेल्या सॉल्ट लेक सिटीच्या आजूबाजूची वासॅच डोंगराच्या पायथ्याची पट्टी हा गाभा, त्याभोवती बराचसा युटा आणि आग्नेय आयडाहो हे वर्चस्वाचं क्षेत्र, आणि त्यापलीकडे विरळ होत गेलेला प्रभाव, असे तीन थर त्यांनी दाखवले. मांडणी अजूनही उपयोगी आहे पण ती अमेरिकेच्या पश्चिम भागापुरती, आणि १९९६ पासून निम्म्याहून जास्त सभासद अमेरिकेबाहेर आहेत, त्यामुळे आता ती एकटी पुरत नाही. युटातली जुनी माणसं युटाबाहेरच्या सगळ्या जगाला सरसकट ‘मिशन फील्ड’, म्हणजे धर्मप्रचाराचा प्रदेश, म्हणायची, त्या एका शब्दात गाभा आणि परीघ दोन्ही येतात.

सगळीकडे सारखं काय, तर बाप्तिस्मा, मंदिरातले विधी, बुक ऑफ मॉर्मन हा धर्मग्रंथ, पुरुषांना मिळणारं याजकपद आणि बिनपगारी बिशपच्या हाताखाली चालणारा ‘वॉर्ड’, म्हणजे स्थानिक मंडळी. रविवारच्या सभेत पाव आणि पाणी वाटतात तेव्हाची प्रार्थना शब्दशः ठरलेली असते. बऱ्याचदा ती सोळा-सतरा वर्षांचा मुलगा गुडघे टेकून वाचतो, एखादा शब्द चुकला तर पुन्हा पहिल्यापासून म्हणावी लागते आणि सभा शांतपणे थांबून राहते. पाव मात्र कसलाही चालतो. शब्द पक्का आणि वस्तू मोकळी, हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढचे बहुतेक वाद यातलं काय कुठे मोडतं यावरूनच झालेत.

सर्वांत चांगलं उदाहरण दारू, तंबाखू, चहा आणि कॉफी वर्ज्य ठरवणाऱ्या ‘वर्ड ऑफ विज्डम’ या आहारनियमाचं. २७ फेब्रुवारी १८३३ ला ओहायोतल्या कर्टलंड गावी स्मिथ यांना झालेला हा साक्षात्कार असं चर्च मानतं, आता तो ‘डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स’ या धर्मग्रंथाचं ८९ वं प्रकरण आहे. तो कसा आला याची नेहमी सांगितली जाणारी हकिकत अशी की वरच्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत प्रचारकांचा वर्ग भरायचा, सगळे पाइप ओढायचे आणि तंबाखू थुंकायचे, धुराने खोली भरायची आणि जमीन साफ करता करता जोसेफ यांच्या पत्नी एमा स्मिथ वैतागायच्या, म्हणून जोसेफनी देवाला विचारलं. पण ही हकिकत स्मिथ यांच्यानंतरचे अध्यक्ष ब्रिगहॅम यंग यांनी सांगितली ती १८६८ मध्ये, म्हणजे पस्तीस वर्षांनी, आणि त्या दिवशी ते स्वतः तिथे नव्हते. दुसरं मत असं की त्या काळी अमेरिकेत दारूबंदीची चळवळ जोरात होती, कर्टलंडमध्येही तशी संस्था होती, त्या हवेतून हा प्रश्न उठला. दोन्ही एकमेकांना छेद देत नाहीत, तरी काळाचा संदर्भ धरणारं दुसरं मत जास्त भक्कम दिसतं.

मूळ मजकुरात चहा-कॉफी हे शब्दच नाहीत, ‘गरम पेयं’ एवढंच आहे. त्याचा अर्थ चहा आणि कॉफी असा १८४२ मध्ये जोसेफ यांचे भाऊ हायरम स्मिथ यांनी स्पष्ट केला. शिवाय सुरुवातीलाच ही आज्ञा किंवा सक्ती नाही असं लिहिलेलं. मग ती सक्ती कधी झाली? काहीजण १८५१ च्या अधिवेशनाकडे बोट दाखवतात, पण त्यानंतरही कितीतरी वर्षं बऱ्याच मॉर्मन घरांत कॉफी चालूच होती, त्यामुळे थॉमस अलेक्झांडर यांच्यासारखे इतिहासकार हा बदल हळूहळू झाला असं म्हणतात आणि साधारण १९२१ च्या सुमारास, हीबर ग्रँट अध्यक्ष असताना, मंदिरप्रवेशासाठी तो बंधनकारक झाला असं धरतात, तेच जास्त पटतं. त्याच प्रकरणात मांस बेताने, शक्यतो थंडीत किंवा दुष्काळातच खावं असंही आहे, त्याबद्दल मंदिरप्रवेशाआधीच्या मुलाखतीत कोणी वेगळं विचारत नाही.

हा नियम जगभर गेला तेव्हा प्रत्येक ठिकाणी वेगळा बसला. अर्जेंटिना-उरुग्वेत सभासद मातें ही तिथल्या पानांची पेय पितात, ती गरमही असते आणि तिच्यात कॅफिनही असतं. जपानमध्ये ग्रीन टी वर्ज्य पण भाजलेल्या जवाचं ‘मुगीचा’ नावाचं पेय चालतं, आणि जवाचं सौम्य पेय तर ८९ व्या प्रकरणातच सांगितलंय. युटात कोकाकोला प्यावा की नाही यावर दोन पिढ्या वाद झाला, २०१२ मध्ये चर्चने कॅफिनवर बंदी नाही असं सांगितल्यावर आणि २०१७ मध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठात कॅफिनवाले सोडे विकायला लागल्यावर तो मावळला. तिथे आता सोड्यात सिरप आणि क्रीम घालून विकणारी ड्राइव्ह-थ्रू दुकानं चौकाचौकात आहेत. म्हणजे कसोटी ना उष्णतेची ना कॅफिनची, एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन टेबलावर जी दोन गरम पेयं असायची त्यांचीच ती आहे.

जेलो हा जिलेटिनचा गोड पदार्थ, अंत्यविधीनंतरच्या जेवणातले चीज घातलेले बटाटे, पहिले मॉर्मन युटात पोचल्याची आठवण म्हणून २४ जुलैला होणारा पायोनियर डे हे सगळं युटाचं, शिकवणीत यातलं काही नाही. पण इमारतींचा नमुना युटाबाहेरही गेला. १९६० च्या दशकापासून अभ्यासक्रम, मासिकं, बांधकाम सगळं सॉल्ट लेकमधून एकसारखं करायची मोहीम चालली, त्यामुळे बास्केटबॉल फारसा कोणी न खेळणाऱ्या देशांतही चर्चच्या हॉलमध्ये रिंग लावलेली दिसते.

मेक्सिकोत १९३६ मध्ये स्थानिक सभासदांनी मिशनचा (प्रचारासाठीच्या प्रादेशिक विभागाचा) अध्यक्ष मेक्सिकनच हवा अशी मागणी केली, ती नाकारली गेल्यावर मोठा गट बाहेर पडला, ‘थर्ड कन्व्हेन्शन’ म्हणून तो ओळखला जातो. त्यांची धर्मशिकवण तीच राहिली, वाद नेतृत्व कोणाचं याचाच होता. १९४६ मध्ये अध्यक्ष जॉर्ज अल्बर्ट स्मिथ स्वतः तिथे गेले आणि बहुतेकजण परत आले.

कृष्णवर्णीयांना याजकपद न देण्याचा चर्चचा नियम जून १९७८ मध्ये उठला आणि वर्षाखेरीला आफ्रिकेत घाना-नायजेरियात अधिकृत बाप्तिस्मे सुरू झाले. त्याआधी तिथे स्वतःहून जमलेल्या मंडळ्या ढोल आणि नाच यांसह उपासना करत असल्याचं वर्णनांत येतं, चर्च आल्यावर त्या जागी भजनपुस्तक आणि पियानो आला. वधूमूल्याच्या प्रथेविरुद्ध तेव्हा वरिष्ठ नेते असलेल्या डॅलिन ओक्स यांनी स्पष्ट भूमिका घेतली, आणि कोणत्याही देशाच्या रूढीपेक्षा वरची अशी ‘गॉस्पेल कल्चर’ ही कल्पना २०१२ च्या लेखात मांडली. विल्फ्रिड डेको यांच्यासारखे अभ्यासक विचारतात की या वरच्या संस्कृतीत अमेरिकनपणा किती. प्रश्न रास्त आहे.

उलट दिशेनेही बदल होतात. मंदिरविधी घेतलेले सभासद कपड्यांच्या आत जो पवित्र पोशाख घालतात तो पूर्वी मनगटापासून घोट्यापर्यंत असायचा, १९२३ मध्ये आखूड झाला, आणि २०२४ मध्ये बिनबाह्यांचा प्रकार जाहीर झाला तो आधी उष्ण, दमट प्रदेशांसाठी.

सभासदसंख्या जपून वाचावी. चिलीत २००२ च्या जनगणनेत सुमारे १ लाख ४ हजार लोकांनी स्वतःला या चर्चचं म्हटलं, चर्चच्या नोंदीत तेव्हा ५ लाखांवर नावं होती. टोंगात लोकसंख्येतलं प्रमाण जगात सर्वाधिक, पण तिथेही हे दोन आकडे जुळत नाहीत.

भारतात १८५० च्या दशकात प्रचारक आले, ह्यू फिंडले १८५२ मध्ये मुंबईला उतरले आणि पुढे पुण्यातही त्यांनी काम केलं, पण ते टिकलं नाही. बेंगळुरू मिशन १९९३ चं, तिथल्या मंदिराची घोषणा २०१८ ची. इथल्या सभासदाला रोज भेटणारा नियम पुन्हा ८९ व्या प्रकरणाचाच आहे, कारण कुणाच्याही घरी गेलं की आधी चहा पुढे येतो आणि तो का नको हे दर वेळी नव्याने सांगावं लागतं.